जुन्या संगणकाचे नवे दप्तर

चेन्नईच्या अण्णा सालैवरून, म्हणजे ज्या हमरस्त्याला जुनी माणसे अद्याप माउंट रोडच म्हणतात तिथून, चिंताद्रिपेटच्या अंगाला वळले की रिची स्ट्रीट लागते; आणि त्या अरुंद गल्लीत व तिच्या लगतच्या नरसिंगपुरम स्ट्रीटवर संगणकाच्या सुट्या भागांचा जो अखंड व्यापार चालतो तो पाहिला म्हणजे, टाकाऊ ठरवून बाजूला सारलेल्या वस्तूही या शहरात आणखी एक आयुष्य काढतात अशी खात्री पटते. जुन्या संगणकाला हात घालणाऱ्याला चपटी रिबन केबल, चार पिनांचा वीजजोड, एखादा कपॅसिटर अशा किरकोळ जिनसांसाठी इथेच यावे लागते. परंतु एक जिन्नस अशी आहे की जी निर्दोष अवस्थेत हाती लागणे दिवसेंदिवस दुर्घट होत चालले आहे, आणि ती म्हणजे नीट चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह व त्यात घालण्याजोगी चांगली फ्लॉपी. फ्लॉपीच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक असलेल्या सोनीने मार्च २०११ मध्ये जपानमधील तिची विक्री थांबवली, आणि तेव्हापासून जगातील साठा केवळ घटतच गेला आहे.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा संगणक उघडला असता प्रथम विस्मय वाटतो तो त्याच्या चिवटपणाचा. प्रोसेसर, स्मृतीच्या चिपा आणि मूळ आज्ञा बाळगणारी रॉम यांच्यात हलणारा असा एकही अवयव नसल्यामुळे, मदरबोर्डावरील निकेल-कॅडमियमची बॅटरी वेळीच काढून टाकली गेली असेल आणि तिच्या गळतीने तांब्याच्या वाटा खाऊन टाकल्या नसतील, तर ही सगळी मंडळी आजही पहिल्याच इमानाने हिशेब करतात. झिजते ते फिरणारे अंग. ड्राइव्हमधील वंगण घट्ट होऊन वाचनशीर्ष जागीच अडकते, पट्ट्यावर चालणाऱ्या ड्राइव्हचा रबरी पट्टा सैल पडतो किंवा चिकट होतो. आणि चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या गावी, जिथे वर्षाचे बहुतेक महिने हवेत ओल आणि मीठ ही दोन्ही असतात, फ्लॉपीच्या तपकिरी चकतीवर बुरशीची पांढुरकी वलये उमटतात. अशी चकती तशीच ड्राइव्हमध्ये सारली की वाचनशीर्ष त्या बुरशीबरोबर चुंबकीय लेपही खरवडून काढते, स्वतः मळते, आणि पाठोपाठ घातलेल्या धडधाकट चकतीचाही नाश करते.

या शहराचा संगणकाशी परिचय मात्र नवा नव्हे. पश्चिम जर्मनीच्या सहकार्याने १९५९ साली स्थापन झालेल्या मद्रासच्या आयआयटीत १९७३ मध्ये आयबीएम ३७०/१५५ हे यंत्र बसले, त्या काळी प्रोग्राम म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा असे आणि तो खिडकीवर देऊन उत्तराची वाट पाहत बसणे हाच संगणकाशी होणारा संवाद. दालन व्यापणारी ती यंत्रे आपल्या विषयाबाहेरची आहेत; आपल्याला प्रयोजन आहे ते शाळेत, घरात आणि छापखान्याच्या टेबलावर मावणाऱ्या पुढील पिढीशी. १९८४ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने 'क्लास' या नावाची योजना काढून सुमारे २५० शाळांत ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो हे संगणक पाठवले. १९८६ पासून डेसिबेल्स या भारतीय कंपनीने सिंक्लेअरच्या परवान्याने काढलेला 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' घरच्या टीव्हीला जोडला जाऊ लागला. आणि ते दशक सरता सरता आयबीएम पीसीच्या कुळातील एक्सटी व एटी यंत्रांनी कचेऱ्या, बँका आणि मुद्रणालये यांत आपले बस्तान बसवले. या सर्वांना आज पुन्हा चालते करायचे म्हटले, तर मजकूर साठवण्याचे त्यांचे मूळ साधन आणायचे कोठून हा एकच प्रश्न सगळ्यांच्या वाट्याला येतो.

त्याचे उत्तर म्हणून जी उपकरणे निघाली त्यांना एम्युलेटर म्हणतात. त्यांपैकी सर्वांत प्रचलित असलेल्या गोटेकचे बाह्य रूप अगदी साधे आहे: साडेतीन इंची ड्राइव्हच्याच मापाची एक हलकी पेटी, तोंडाशी फ्लॉपीच्या फटीऐवजी पेनड्राइव्ह खोचण्याचे यूएसबी छिद्र, दोन कळा, तीन आकडे दाखवणारी लहानशी पाटी, पाठीमागे मात्र जुन्या ड्राइव्हला असे तेच ३४ पिनांचे जोडस्थान. जुन्या संगणकाने या पेटीला ड्राइव्ह म्हणून निमूटपणे मान्य करावे हे प्रथमदर्शनी नवलाचे वाटते, पण त्यातील मर्म समजून घेणे अवघड नाही.

संगणक आणि ड्राइव्ह यांच्यात चालणारा व्यवहार मोजक्या हुकुमांचा आहे. ३४ तारांपैकी विषम क्रमांकाच्या तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात. सम क्रमांकाच्या तारांवरून संगणक ड्राइव्हला कळवतो की तुझी निवड झाली आहे, मोटार सुरू कर, वाचनशीर्ष आतल्या दिशेने ने किंवा बाहेरच्या, एक पाऊल टाक, वरची बाजू वाच अथवा खालची. ड्राइव्हने उलट कळवायचे ते मुख्यतः इतकेच की शीर्ष शून्य क्रमांकाच्या वर्तुळावर आले आहे, चकतीचा एक फेरा पुरा झाला आहे, या चकतीवर लिहिण्यास मनाई आहे, आणि हा वाचलेल्या स्पंदांचा प्रवाह. याखेरीज ड्राइव्हच्या पोटात काय चालले आहे याची संगणकाला काडीमात्र वार्ता नसते. चकती फिरते आहे की नाही हे तो पाहू शकत नाही, मोटारीचा आवाज ऐकू शकत नाही. त्या तारांवर जो कोणी नेमक्या क्षणी नेमके स्पंद हजर करील तोच त्याच्या लेखी ड्राइव्ह ठरतो.

कौशल्य आहे ते या क्षणाच्या नेमकेपणात. साडेतीन इंची फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला २०० मिलिसेकंद लागतात, आणि १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवरून मजकूर सेकंदाला ५ लाख बिट या वेगाने येत असल्यामुळे एका फेऱ्यात सुमारे १ लाख बिट, अर्थात १२,५०० बाइट शीर्षाखालून सरकतात. त्यांतील प्रत्यक्ष मजकूर म्हणजे प्रत्येकी ५१२ बाइटांचे १८ खंड, एकूण ९,२१६ बाइट. उरलेली जागा प्रत्येक खंडाचा पत्ता, मजकूर बिघडला नसल्याची रुजवात घेणारे आकडे आणि खंडाखंडांमधील मोकळी अंतरे यांत जाते. पेनड्राइव्हवरच्या फाइलीत केवळ तो मजकूर असतो. एम्युलेटरमधील चिप त्या त्या वर्तुळाचे ९,२१६ बाइट उचलते, त्यांच्याभोवती पत्ते, पडताळे व अंतरे पुन्हा रचते, एमएफएम या संकेतपद्धतीने त्याचे स्पंद बनवते, आणि दर २०० मिलिसेकंदांनी फेरा पुरा झाल्याची खूण देत देत ते तारेवर सोडते. दोन स्पंदांमधील अंतर २, ३ किंवा ४ मायक्रोसेकंद असावे लागते. त्यात फारसा ढळ चालत नाही. संगणक लिहू लागला की हीच प्रक्रिया उलट्या क्रमाने होते. असे ८० वर्तुळांच्या दोन्ही बाजूंचे गणित मांडले की १४,७४,५६० बाइटांची ती परिचित फ्लॉपी पेनड्राइव्हच्या एका कोपऱ्यात सामावते, आणि तिच्याशेजारी तशाच सहस्रावधी फ्लॉप्यांना जागा शिल्लक राहते.

ही पेटी मुळात छंद म्हणून संगणक जतन करणाऱ्यांसाठी निघालेलीच नव्हती. भरतकामाची स्वयंचलित यंत्रे, लोखंड कातणारी सीएनसी यंत्रे, संगीताचे की-बोर्ड अशी लक्षावधी रुपयांची जी सामग्री फ्लॉपीवर विसंबून होती आणि जी केवळ फ्लॉपी मिळेनाशी झाली म्हणून मोडीत काढणे कोणाही कारखानदाराला परवडणारे नव्हते, तिच्यासाठी चिनी कारखान्यांनी ती बनवली. अंबत्तूर आणि गिंडी यांसारख्या औद्योगिक वसाहती पोटात बाळगणाऱ्या चेन्नईला हे प्रयोजन समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र मूळ गोटेक पेनड्राइव्हचे ठरावीक तुकडे पाडून त्यांना क्रमांक देत असे, आणि कोणत्या क्रमांकात काय ठेवले आहे हे माणसाने वहीत टिपून ठेवावे लागे. या पेटीला खरी सर्वसंचारी बुद्धी मिळाली ती दोन माणसांच्या निरपेक्ष उद्योगामुळे. फ्रान्समधील झाँ-फ्रान्स्वा देल नेरो यांनी २००६ मध्ये एचएक्ससी या फ्लॉपी एम्युलेटरचे काम सुरू करून नानाविध संगणकांच्या चकत्यांची रचना समजणारे साधन घडवले. आणि कीर फ्रेझर यांनी गोटेकमध्ये भरण्यासाठी 'फ्लॅशफ्लॉपी' हे फर्मवेअर लिहून ते सर्वांसाठी खुले केले, ज्यामुळे पेनड्राइव्हवर साध्या फाइली नावानिशी ठेवता येऊ लागल्या, आकड्यांच्या पाटीऐवजी फाइलीचे नाव दाखवणारा पडदा लावता येऊ लागला, आणि आयबीएमबरोबर अमिगा, अटारी, बीबीसी मायक्रो अशा भिन्न कुळांतील यंत्रांना एकच पेटी पुरेशी झाली. आपल्या श्रमाचे फळ असे विनामूल्य जगाच्या हवाली करणाऱ्यांविषयी मला नितांत आदर वाटतो.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे वळू, आणि उदाहरणादाखल एक्सटी यंत्रच घेऊ, कारण नवशिक्याची तारांबळ तिथेच अधिक उडते. एक्सटीच्या मूळ केबलच्या टोकाला सव्वापाच इंची ड्राइव्हच्या बोर्डाच्या कडेवर सरकवण्याचे जोडस्थान असते, गोटेकला मात्र उभ्या पिना असतात. तेव्हा पिनांवर बसणारे टोक असलेली केबल प्रथम मिळवावी. केबलची एक कड तांबडी असते, ती पहिल्या पिनेच्या बाजूला आली पाहिजे. ती उलट बसली तर यंत्र सुरू करताच ड्राइव्हचा दिवा लागतो तो विझतच नाही, आणि ही खूण दिसताच वीज बंद करून केबल फिरवावी. केबलच्या मध्यभागी १० ते १६ या तारांना एक पीळ दिलेला आढळतो. आयबीएमने पीसीसाठी योजिलेली ही तजवीज अशी की दोन्ही ड्राइव्ह 'दुसरा' म्हणून मुक्रर करावेत आणि पिळापलीकडचा ड्राइव्ह आपोआप पहिला, म्हणजे 'ए', ठरावा. म्हणून पीसीत गोटेकचा जंपर 'एस-१' या जोडीवर बसवायचा, आणि पीळ नसलेली सरळ केबल वापरणाऱ्या बीबीसी मायक्रोसारख्या यंत्रात 'एस-०' वर. विजेचे म्हणाल तर जुन्या ड्राइव्हला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागत, गोटेकला केवळ ५ पुरतात. पण जुन्या संगणकाचा वीजपुरवठा पुष्कळ वर्षांनी प्रथमच चालू करताना तो मदरबोर्डापासून सोडवून, एखादा योग्य भार जोडून, मीटरने मोजून पाहिल्याशिवाय काहीही जोडू नये, हे कळकळीने सांगितले पाहिजे.

पेनड्राइव्हवर चकतीची प्रतिमा ठेवताना आणखी एक पथ्य आहे. एक्सटीचा मूळ नियंत्रक सेकंदाला अडीच लाख बिट एवढाच वेग जाणतो, त्यामुळे १.४४ मेगाबाइटची प्रतिमा त्याला वाचता येत नाही. त्याला ४० वर्तुळे, दोन बाजू आणि नऊ खंड यांची, म्हणजे ३,६८,६४० बाइटांची प्रतिमा द्यावी लागते. ती दिली, फ्लॅशफ्लॉपीच्या तपशिलाच्या फाइलीत यंत्राची जात आयबीएम पीसी म्हणून नोंदली, आणि वीज सुरू केली की स्मृतीची मोजदाद होते, एक बारीक ध्वनी उमटतो आणि हिरव्या पडद्यावर डॉसची अक्षरे उभी राहतात.

हार्ड डिस्कची कथा याच धर्तीची असल्यामुळे ती थोडक्यात आटोपतो. आयडीई जातीच्या डिस्कऐवजी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड अत्यल्प खर्चाच्या जोडपट्टीवर बसते, कारण त्या कार्डाला आयडीईची भाषा जन्मतःच अवगत असते. मात्र १९९० च्या सुमारास लिहिलेल्या बायोसला ५२,८४,८२,३०४ बाइटांपलीकडचे काही दिसत नाही, तेव्हा मोठ्या कार्डाचा हव्यास व्यर्थ. एक्सटीसाठी एक्सटी-आयडीई कार्डे आहेत. मॅकिंटॉशसारख्या स्कझी जोडणीच्या यंत्रांसाठी स्कझी-टू-एसडी आणि ब्लू-स्कझी आहेत. त्याहून जुन्या, दोन केबलींच्या एसटी-५०६ जातीच्या डिस्कांसाठी डेव्हिड गेसवाइन यांनी केलेला एमएफएम एम्युलेटर हा तर या विद्येचा कळस म्हटला पाहिजे, कारण तो जुन्या डिस्कवरील चुंबकीय स्पंद मूळ स्वरूपात उतरवून घेतो आणि मग तिचीच जागा घेतो. स्पेक्ट्रमला काही जोडायचे नसेल तर कॅसेटच्या ध्वनीची फाइल मोबाइलवरून वाजवली तरी काम भागते.

या साऱ्यावर आक्षेप घेणारे रसिक आहेत. ड्राइव्हची ती खडखड, फ्लॉपी आत सरकल्याचा तो टणत्कार यांवाचून जुने यंत्र हे जुने यंत्रच नव्हे असे त्यांचे म्हणणे असते, आणि त्यांच्या भावनेत तथ्य आहे. पण ज्या ड्राइव्हचे शीर्ष आणखी काही वर्षेच टिकेल, त्याच्याकडून खेळ आणि हौस यांसाठी रोज राबवून घेणे हा त्याचा सन्मान नव्हे. मूळ ड्राइव्ह स्वच्छ करून, कागदात गुंडाळून, कोरड्या जागी ठेवावा आणि ज्या कामाला त्याला पर्याय नाही त्याच कामासाठी बाहेर काढावा. ते काम म्हणजे जुन्या फ्लॉप्या वाचणे. एम्युलेटर यंत्राला चालते करतो, परंतु यंत्राने वाचायचा मजकूर काही तो निर्माण करत नाही. तो मजकूर कोणीतरी आधी चकतीवरून उतरवून ठेवलेला असावा लागतो. या क्षेत्रातील हौशी मंडळी यंत्राच्या पुनरुज्जीवनात जितकी रमतात तितकी या दुसऱ्या, अधिक तातडीच्या कामाकडे वळत नाहीत, असे माझे मत आहे.

आणि इथे मराठी माणसाचा संबंध येतो. भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे जे मोलाचे काम आयआयटी कानपूरला सुरू झाले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये फळाला आले, त्याचे दृश्य रूप म्हणजे जिस्ट कार्ड. पीसीच्या पोटात हे कार्ड बसवले की डॉसवरच्या सामान्य प्रोग्रामांतही देवनागरी लिहिता-वाचता येई. त्यामागची संकेतपद्धती, इस्की, १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांतील समान अक्षरांना तिने समान संकेत दिले असल्यामुळे देवनागरीत लिहिलेले नाव एका कळीसरशी तमिळ लिपीत दिसू शके, आणि मद्रासेत राहणाऱ्या मराठी माणसाला याहून सोयीचे ते काय असणार! इस्कीतील मजकूर आज युनिकोडमध्ये आणणे सोपे आहे, कारण युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीवरूनच घेतली. संकट आहे ते नव्वदच्या दशकात छापखान्यांनी वापरलेल्या फॉन्टबद्ध मजकुराचे. त्यात अक्षरांऐवजी अक्षरांचे तुकडे साठवलेले असत, त्या त्या फॉन्टावाचून त्यांचा अर्थ लागत नाही, आणि काही सॉफ्टवेअर तर प्रिंटरच्या पोर्टात बसवायच्या कुलपाशिवाय उघडतच नसे. दिवाळी अंक, स्मरणिका, ज्ञातींचे वंशवृत्तान्त, छोट्या प्रकाशकांची पुस्तके असा केवढा तरी ऐवज या रूपात फ्लॉप्यांवर गेला. तो वाचण्यासाठी कित्येकदा तेच जुने यंत्र, तेच कार्ड, तेच कुलूप लागते. आणि म्हणूनच त्या यंत्राला एम्युलेटर जोडून चालते ठेवणे ही निव्वळ हौस राहत नाही.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागद शरफोजी राजांच्या काळापासून, म्हणजे दोनशे वर्षे, याच दमट मुलखात टिकून राहिले, कारण कागद वाचायला डोळ्यांखेरीज दुसरे यंत्र लागत नाही. सर्वेक्षक कर्नल मॅकेन्झीने गावोगावच्या कैफियती, म्हणजे स्थानिक वृत्तान्त, उतरवून घेतल्या, त्यांतील मराठी बाडे चेन्नईच्या शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालयात आहेत. १९९४ साली याच शहरात स्थापन झालेल्या रोजा मुथय्या संशोधन ग्रंथालयाने दुर्मीळ तमिळ छापील साहित्याच्या मायक्रोफिल्म नकला करून ते वाचवले. अस्सल जीर्ण होण्याआधी नक्कल करून ठेवण्याची ही परंपरा इथल्या मातीत आहे. फ्लॉपी तेवढी तिच्यातून सुटली.

नक्कल करण्याचे साधन महाग नाही. कीर फ्रेझर यांनीच रचलेले ग्रीझवीझल हे तळहातावर मावणारे बोर्ड एका बाजूने मूळ ड्राइव्हला आणि दुसऱ्या बाजूने आजच्या संगणकाला जोडले की ते चकतीवरील चुंबकीय बदलांच्या वेळा जशाच्या तशा टिपून घेते; खंड खराब असला तरी अनेक फेऱ्यांच्या वाचनातून तो पुष्कळदा जुळवता येतो, आणि चकती कोणत्या जातीच्या यंत्राची हे ठाऊक नसले तरी अडत नाही. वाचण्यापूर्वी चकती लिहिण्यापासून सुरक्षित करावी: साडेतीन इंचीच्या कोपऱ्यातील सरकती पट्टी छिद्र उघडे राहील अशी सरकवावी, सव्वापाच इंचीची खाच चिकटपट्टीने झाकावी. धातूचा पडदा बाजूला करून चकती हलक्या हाताने फिरवावी आणि उजेडात पाहावी. बुरशी दिसली तर ती ड्राइव्हला दाखवूच नये. आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या मऊ कापडाने ती पुसून, चकती पूर्ण वाळवून, मगच वाचावी, आणि प्रत्येक संशयित चकतीनंतर वाचनशीर्ष स्वच्छ करावे.

तेव्हा चेन्नईतील, तंजावरातील आणि महाराष्ट्रातील ज्या वाचकांच्या घरी, मंडळाच्या कपाटात अथवा बंद पडलेल्या छापखान्याच्या माळ्यावर फ्लॉप्यांचा डबा आणि जुना संगणक असेल, त्यांना माझी विनंती आहे की त्यांपैकी काहीही भंगारात देऊ नये, केबली, कार्डे आणि प्रिंटरमागचे ते कुलूपही देऊ नये. ईशान्येचा पाऊस सुरू होण्यापूर्वी डबा उतरवावा, चकत्यांवरील चिठ्ठ्या वाचून याद करावी, आणि ज्याला हे काम येते अशा माणसाकडून त्यांच्या नकला या वर्षीच करून घ्याव्यात.